डोळेताई आणि माझा कान

माझ्या कानाविषयी आधी सांगून टाकतो, कारण सगळं बिनसलं ते त्याच्या लाडामुळे. रंगाच्या कारखान्यात मी तेहेतीस वर्षं फिटर होतो. यंत्र कुरकुरायला लागलं की लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगाला टेकवायचो, मूठ कानाला लावायचो आणि डोळे मिटून सांगायचो, बेअरिंग गेलंय, किंवा हवा गळतेय, किंवा काही झालेलं नाही, उगाच घाबरवू नका. दहातल्या नऊ वेळा बरोबर निघायचं. म्हणून मला सगळे डॉक्टर म्हणायचे, आणि मी मोठा शहाणा ते नाव मिरवत फिरायचो. घरी बायकोने मिक्सर चालत नाही म्हटलं तरी आधी कान लावायचो, मग प्लग बघायचो. दोनदा तर प्लगच लावलेला नव्हता.

पण सांगायचंय ते माझ्याविषयी नाही, एका बाईविषयी. तिला कारखान्यात सगळे डोळेताई म्हणतात. हे नाव कसं पडलं ते परवापर्यंत फारसं कोणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण ते माझ्यामुळे पडलं.

ती आली तेव्हा तिशीच्या आतबाहेर असेल. कारखान्याच्या मागच्या दुसऱ्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. घरात सासू आणि एक मुलगी. नवरा मालाचा टेम्पो चालवायचा, आठवड्यातले चार दिवस बाहेरच. अंगाने बारीक, पण आवाज असा खणखणीत की कॉम्प्रेसर चालू असतानाही तिची थट्टा ऐकू यायची. सगळ्यांना दादा म्हणायची आणि प्रत्येकाच्या दादाला एक शेपूट लावायची. सुपरवायझर म्हणजे घाईदादा. स्टोअरकीपर एक बोल्टसुद्धा दोन सह्या घेतल्याशिवाय द्यायचा नाही, म्हणून तो सहीदादा. मी डॉक्टरदादा.

आणि नजर म्हणाल तर काय सांगू. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका शिवणटिपण घेऊन बसायच्या, तेव्हा सगळ्यांच्या सुया ओवायला हिच्याकडे यायच्या. बोलता बोलता, सुईकडे नीट बघतही नाही असं वाटावं, इतक्या सहज दोरा आरपार. एकदा स्टोअरकीपरच्या चष्म्याचा स्क्रू पडला, तांदळाच्या कणीएवढा. चार दांडगे पुरुष सिमेंटच्या जमिनीवर रांगत होते. ही स्टुलावरून न उठता म्हणाली, तो काय, तुमच्या उजव्या बुटाच्या टाचेला लागून. तिथेच होता. स्टोअरकीपरने त्या दिवशी तिला हातमोज्यांची नवी जोडी एका सहीत दिली होती.

ती डब्यांना झाकणं लावायच्या यंत्रावर होती. यंत्र साधंच. रंग भरलेला डबा पट्ट्यावरून येतो, हवेच्या दाबावर चालणारा एक सिलिंडर त्याला आडवा ढकलून प्रेसखाली नेतो, प्रेस खाली येतो आणि झाकण बसवतो. आता सिलिंडरमधला ढकलणारा पिस्टन असतो ॲल्युमिनियमच्या बंद नळीत, बाहेर दिसते ती फक्त त्याची सळई. आत कुठवर पोचलाय ते बाहेरून कोणाच्या बापाला दिसत नाही. म्हणून पिस्टनवर लोहचुंबकाचं एक कडं बसवलेलं असतं. नळीवर बाहेरून काडेपेटीच्या निम्म्याएवढा एक स्विच पट्ट्याने आवळतात. ॲल्युमिनियम लोहचुंबकाला अडवत नाही. कडं आतून स्विचखाली आलं की स्विच जुळतो, त्याच्यावरचा बारीक लाल दिवा लागतो, आणि यंत्राला कळतं की डबा जागेवर पोचला, आता दाबा. सगळा कारभार त्या दिव्याच्या शब्दावर चालतो. दिवा लवकर लागला तर डबा अर्ध्या वाटेत असताना प्रेस खाली येणार आणि झाकण तिरकं बसणार.

एकोणीस वर्षांपूर्वी त्या यंत्राचा स्विच जळला. स्टोअरमध्ये तसला नव्हता. दुसऱ्या बनावटीचा एक होता, तो मी घेतला. जुन्यापेक्षा तिखट. जुना स्विच लोहचुंबक अगदी पुढ्यात आल्याशिवाय हलायचा नाही, हा जरा लांबूनच ओळखायचा. मी तर उलट फुशारकी मारली की जुना बहिरा होता, हा माझ्यासारखा आहे. पिस्टन शेवटाला नेला, स्विच नळीवरून सरकवत आणला, दिवा लागला, तिथे आवळला. खरं म्हणजे तिथे थांबायचं नसतं. पुढे सरकवत राहायचं, दिवा कुठे विझतो, परत कुठे लागतो ते बघायचं, आणि दिवा सगळ्यात जास्त वेळ लागून राहतो त्या पल्ल्याच्या मधोमध आणून आवळायचं. हे मी दुसऱ्यांना शिकवायचो. पण त्या दिवशी जेवणाची घंटा व्हायला पाच मिनिटं होती आणि मला भूक लागली होती. इतकंच कारण. याहून मोठं काही कारण असतं तर सांगायला जरा बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून झाकणं तिरकी बसायला लागली. सगळीच नाही. वीस डबे सरळ, एक वाकडा. मग तीस सरळ, दोन वाकडे. वाकड्या डब्यातून रंग पट्ट्यावर सांडायचा, पट्टा थांबायचा, पुसापुशी, ओरडाआरडा. महिनाअखेर जवळ आलेली. सुपरवायझर डोक्यावरचे केस उपटत फिरत होता, आणि त्याच्या डोक्यावर उपटायला फारसे उरलेही नव्हते. यंत्र कधी बरोबर चालतंय, कधी नाही, म्हटल्यावर सगळ्यांची नजर माणसाकडे वळते. झाकणांची चळत तीच लावायची. त्यामुळे चळत नीट लावत नसेल, लक्ष नसेल, नवरा घरी नसतो ना, विचार कुठेतरी भरकटत असतील, असं सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी सुपरवायझरने मला बोलावलं. यंत्राभोवती पंधरा-वीस माणसं जमलेली. तीही उभी होती, हाताला कोपरापर्यंत सायीच्या रंगाचे डाग. मी स्क्रूड्रायव्हर नळीला टेकवला, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. पिस्टन शेवटाला जाऊन थडकत होता, व्यवस्थित, खणखणीत. मी जाहीर केलं, सिलिंडर ठणठणीत आहे.

तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टरदादा, सिलिंडर नाही, दिवा. हा दिवा नीट लागायच्या आधी डोळा मारतो."

पुढेही ती काहीतरी सांगत होती, बोटं वर करून दाखवत होती. मी ऐकलं नाही. माझं लक्ष जमलेल्या माणसांकडे होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, डॉक्टर आता काय म्हणतो म्हणून. स्विच मी बसवलेला. तीन दिवसांपूर्वी मीच त्याचं कौतुक केलेलं. आणि माझ्या तोंडून काय निघालं बघा.

"अगं, दिवसभर तू त्याच्यासमोर बसतेस," मी म्हणालो. "मारणारच डोळा. त्याचा काय दोष?"

अख्खा विभाग खो खो हसला. सुपरवायझर सुद्धा हसला, तीन दिवसांत पहिल्यांदा. पाठीवर थापा पडल्या. तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल झाला, आणि मग, हे मला सगळ्यात जास्त आठवतं, तीही थोडी हसली. सगळे हसतायत तर आपण एकटंच कसं उभं राहायचं म्हणून माणूस हसतो, तसं. वर केलेली बोटं तिने पदराला पुसली.

त्या दिवसापासून तिचं नाव डोळेताई. पुरुषमाणसं तिच्या यंत्रावरून जाताना एक डोळा मिटायची आणि विचारायची, दिवा असाच करतो का गं? कोणी तरी खडूने यंत्रावर एक डोळा काढला. पुसला की परत काढायचे. मी काढला नव्हता, पण मी पुसलाही नाही. चक्क कानाडोळा केला. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ती दारात समोर आली तेव्हा मान खाली घालून म्हणाली, नमस्कार साहेब. मला वाटलं, रुसलीय, दोन दिवसांनी परत दादा म्हणेल.

सोमवारी सुपरवायझरने तिला यंत्रावरून काढलं आणि मागे डबे धुण्यावर टाकलं. रंगाची रिकामी पिंपं आणि परत आलेले डबे थिनरने घासायचे, ते काम. पत्र्याची शेड, वास असा की डोळ्यांतून पाणी यायचं. तिच्या जागी दुसरा माणूस आला. त्याच्या हातूनही तीन दिवस झाकणं तिरकीच जात होती, पण तो नवा होता, म्हणून कोणी काही बोललं नाही.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत यंत्र बंद होतं. विभागात मी एकटाच. सिलिंडरला तेल द्यायचं होतं म्हणून मी हवेची चावी जवळजवळ बंद केली आणि पिस्टन अगदी सावकाश सोडला. एरवी तो निमिषात जातो. आता तो गोगलगायीसारखा सरकत होता. आणि मी तेलाची बुधली हातात धरून बघतोय तो लाल दिवा चटकन लागला. पिस्टन अजून चार बोटं मागे होता, सळईवर मी खूण करून ठेवलेली. दिवा विझला. मग परत लागला.

मी चावी घट्ट बंद केली. पिस्टन तिथेच अडकला. पुढे काय होतं ते बघायची माझ्यात हिंमतच नव्हती.

आता तुम्हाला सांगतो, तसं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. लोहचुंबकाचा जोर मधोमध मोठा असतो, पण दोन्ही टोकांकडेही थोडा थोडा पसरलेला असतो. जुना स्विच मंद होता, त्याला तो किरकोळ जोर जाणवतच नसे. नव्याचा कान तिखट. त्याला पिस्टन यायच्या आधीच चाहूल लागायची, तो हो म्हणून मोकळा व्हायचा, आणि यंत्र त्याच्या पहिल्या होकारावर विश्वास ठेवून प्रेस खाली सोडायचं. हवा जोरात असली तर डबा तेवढ्यात पोचायचा. हवा जरा मंदावली की झाकण तिरकं. बाई अक्षरशः बरोबर सांगत होती. नीट लागायच्या आधी डोळा मारतो. याहून नेमक्या शब्दांत मला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

त्या वेळी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. मागच्या शेडमध्ये जायला दीडशे पावलं. मी काय केलं, माझ्या खणात भंगार यंत्रातून काढलेला जुन्या बनावटीचा एक स्विच होता, तो आणला, घाईघाईने बसवला, यावेळी मात्र पुढे-मागे सरकवून अगदी मधोमध आवळला. काढलेला स्विच फडक्यात गुंडाळून खणाच्या तळाशी टाकला. घंटा झाली तेव्हा मी हात पुसत होतो.

शुक्रवारपासून एकही झाकण तिरकं बसलं नाही.

आणि मग जे झालं त्याचा मी विचारच केला नव्हता. सुपरवायझर चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाला, बघा, बाई हलली आणि झाकणं सरळ झाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. झालं, शिक्कामोर्तब. मी यंत्र गुपचूप दुरुस्त केलं आणि त्या दुरुस्तीनेच तिच्यावरचा आळ पक्का झाला. माझ्या हातात चहाचा कप होता. एक वाक्य बोलायचं होतं. मी चहा फुंकत राहिलो.

का बोललो नाही? मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो की हेड फिटरची जागा रिकामी होणार होती, घरात दोन मुलं शिकत होती, वगैरे. ते सगळं थोतांड. हेड फिटर मी असाही झालोच असतो. खरं कारण फार फालतू होतं. मला माहीत होतं की मी सांगितलं की सगळे हसतील, आणि यावेळी माझ्यावर हसतील. तिला जे मी एका वाक्यात दिलं होतं, ते मला एक दिवससुद्धा नको होतं.

तिरक्या झाकणांचे डबे कारखान्याने कामगारांना वाटून टाकले. मी चार आणले. सायीसारखा फिकट रंग. बायकोने पुढच्या खोलीला लावून घेतला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, कसा उजेड पडतो बघा. मी त्या भिंतीसमोर बसून एकोणीस वर्षं जेवलो.

तिला दोन महिन्यांनी नळापाशी भेटलो तेव्हा तिची बोटं थिनरने पांढरी पडून तडकली होती. मी बाटली भरून सटकणार होतो. तिने विचारलं, कसल्याही रागाशिवाय, "साहेब, तो दिवा अजून डोळा मारतो का?"

"नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं.

"मग तेव्हाही मारत नसेल," ती म्हणाली. "मलाच तसं दिसलं असेल."

आणि बाटली भरून मी निघून गेलो.

त्यानंतर तिने सुया ओवायचं बंद केलं. कोणी सुई पुढे केली की म्हणायची, दुसरीकडून ओवून घ्या बाई, माझ्या नजरेचा काय भरवसा. पुढे ती डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आली. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, नजर उत्तम आहे, कशाला आलात? तरी हिचं समाधान झालं नाही. तिची मुलगी पुढे आमच्याच पॅकिंग विभागात दोन वर्षं होती, तिने एकदा हसत हसत सांगितलं, आई घरातून निघाली की तीन-तीनदा कुलूप ओढून बघते आणि तरी शेजारणीला विचारते, लागलंय ना हो? गॅस बंद केला की मला हाक मारते, तू बघ. पोरगी आईची गंमत सांगत होती, बाकीच्या हसत होत्या. मी तिथून उठलो. ती बाई सिमेंटवरचा कणीएवढा स्क्रू बसल्या जागेवरून दाखवणारी. मी तिच्याकडून काय घेतलं होतं ते मला तेव्हा कळलं. मशीनवरची जागा ही त्यातली बारीकशी गोष्ट होती.

कळलं म्हणून मी बोललो, असं मात्र नाही. कळून आणखी बारा वर्षं गेली. थट्टाही विरून गेली. चाळिशी आल्यावर तिला सगळ्यांसारखा जवळचा चष्मा लागला. नव्याने आलेल्या मुलींना वाटायचं, चष्म्यामुळेच डोळेताई म्हणतात. जुनी माणसं एकेक करून गेली, सुपरवायझर गेला, झाकणाचं यंत्रही गेलं. आता तिथे नवीन यंत्र आहे, त्याला माणूस लागत नाही. तिला कोणी परत जागेवर बसवायचं म्हटलं तरी ती जागाच उरलेली नव्हती.

मी निवृत्त होणार त्याच्या आधीच्या आठवड्यात खण आवरायला घेतला. तळाशी फडकं. उघडलं तर तो स्विच, तसाच, पट्ट्यासकट. घरी आलो आणि बायकोला म्हणालो, पुढची खोली रंगवून घेऊ, हा रंग काढून टाकू. ती म्हणाली, अहो, चांगला तर आहे, कधी नव्हे तो टिकलाय. मग मी तिला सगळं सांगितलं, भिंतीकडे न बघता. ती म्हणाली, इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले, आमच्या यांचं कधी चुकत नाही. आणि उठून आत गेली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कार्यशाळेतला एक सुटा सिलिंडर घेतला, तो स्विच त्यावर आवळला, एक बॅटरी जोडली आणि सगळं बगलेत मारून मागच्या शेडमध्ये गेलो. ती एकटीच होती. डबा घासत होती. पन्नाशीची बाई, केस पांढरे, चष्म्यावर रंगाचे शिंतोडे. मी सिलिंडर तिच्यासमोर पिंपावर ठेवला, पिस्टनची सळई हाताने जराशी ओढली, दिवा लागला, विझला. कसंबसं म्हणालो की ताई, तुमचं बरोबर होतं. स्विच माझा चुकला होता. मला त्याच आठवड्यात कळलं होतं. मी लपवलं.

तिने ब्रश खाली ठेवला. हात पुसले, एकेक बोट. मला वाटलं रडेल, किंवा ओरडेल. मी दोन्हीची तयारी करून आलो होतो.

"हे मला कशाला दाखवताय, साहेब?" ती म्हणाली. "मी बघितलेलं आहे."

तिने परत ब्रश उचलला. एवढंच. पण तिला काय म्हणायचंय ते न कळण्याइतका गाढव मी आता राहिलो नव्हतो. थट्टा केली होती पंधरा-वीस माणसांत, आणि कबूल करायला आलो होतो मागच्या शेडमध्ये, कोणी नसताना. इथेही मी स्वतःचं नाक वाचवायलाच बघत होतो.

माझा शेवटचा दिवस शुक्रवार. चहाच्या सुट्टीत त्यांनी मला हार घातला, एक घड्याळ दिलं, डॉक्टर दोन शब्द बोला म्हणाले. मी आधीच पॅकिंगमधल्या एका मुलीकरवी निरोप पाठवला होता, ताईला चहाला पुढे यायला सांग. ती आली होती, अगदी मागे, दाराजवळ, कामाचा ॲप्रन तसाच. मी हार काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्या शेजारी सिलिंडर ठेवला. म्हणालो, एकोणीस वर्षांपूर्वी झाकणाच्या यंत्रावर माझ्या हातून चूक झाली आणि ती मी एका बाईच्या माथी मारली. सगळं सांगितलं. भूक लागली होती तिथपासून, खणातल्या फडक्यापर्यंत. ती थट्टा जशीच्या तशी सांगितली.

कोणी हसलं नाही. हसणार कोण? त्या दिवशीच्या माणसांपैकी फक्त स्टोअरकीपर उरला होता आणि त्याला आता धड ऐकू येत नाही. बाकी सगळी नवी पोरं-पोरी, निम्म्यांचं लक्ष मोबाईलमध्ये. ज्यांनी विसरायचं ते विसरून, निवृत्त होऊन घरी बसले होते. एक मुलगी हळूच म्हणाली, "पण डोळेताई नाव चष्म्यावरून आहे ना?" मी म्हणालो, नाही, माझ्यावरून आहे. तेव्हा मात्र काही माना मागे वळल्या, दाराकडे. ती त्या नजरा झेलत तशीच उभी राहिली.

"बघा," मी म्हणालो, आणि सळई ओढायला लागलो. "यांनी सांगितलं होतं, दिवा डोळा मारतो. हा बघा, लागला. विझला. आणि आता लागला. एकदाच लागायला हवा, तर हा दोनदा लागतो. दोनदा. यांना दिसलं होतं, मला दिसलं नाही." आणि सळई सोडून दिली.

गर्दीतून वाट काढत ती पुढे आली. टेबलापाशी थांबली, चष्मा काढून ॲप्रनच्या खिशात ठेवला. मग माझ्या हाताखालची सळई धरली, पूर्ण मागे नेली आणि सावकाश, अगदी सावकाश पुढे ओढली. दिवा चटकन लागून विझला. परत लागला, जरा जास्त वेळ राहिला, विझला. मी जिथे सोडली होती तिथून ती आणखी पुढे ओढत राहिली. दिवा परत चटकन लागला.

"तीन, साहेब," ती म्हणाली. "मी त्या दिवशीही तीनच म्हणाले होते."

तिने तीन बोटं वर केली होती, आणि या वेळी मी ती पाहिली.

घंटा झाली. सगळे पांगले, तीही डबे धुवायला गेली. मी सळई मागे नेली, परत सावकाश ओढली आणि मोजलं. तीनच होते.